शेवटच्या प्रवेशाची पानं

भंडाऱ्याच्या प्रशिक्षणाला येताना ग्रंथालयातलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक आणा, असा निरोप होता. बाकीच्या ग्रंथपालांनी जाडजूड कादंबऱ्या आणल्या. मी कोंढ्याहून एक नाटक नेलं, कव्हर गेलेलं, पाठीला माझ्याच हातचे टाके. लोक हसले. हसू देत, मला सवय आहे.

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, गावकरीच हे नाटक करायचे. प्रत एकच. मग मी शिवण उसवायची आणि ज्या प्रवेशात ज्याचं काम मोठं, त्याला तेवढी पानं द्यायची. नटाबरोबर त्याची बायकोही चुलीपुढे बसून ती पाठ करायची. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी पानं परत यायची, मी पुन्हा शिवायची. प्रयोगाआधी पान परत करणं अपशकुन मानत. मग एका वर्षी तालमी चालू असतानाच गावाने बाहेरची नाटक कंपनी ठरवली, आणि तेव्हापासून कंपनीच येते. लोकांच्या मागे लागून मी पानं गोळा केली. शेवटचा प्रवेश तेवढा राहिला. तो गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे होता. त्यांना नाटकातल्या बापाचं काम मिळालं होतं, जन्मातलं पहिलं मोठं काम.

शिकवणारा मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा, बोलायला गोड. आता सगळी पुस्तकं संगणकावर चढवायची, विषयाचा क्रमांक, लेखक, पृष्ठं, सगळे रकाने भरायचे. अपूर्ण पुस्तक यादीत बसत नाही, ते काढून टाका म्हणाला.

मी उभी राहिले. "अपूर्ण नाही सर. शेवटचा प्रवेश इश्यू केलेला आहे."

"मॅडम, पान इश्यू होत नसतं. पुस्तक होतं."

पुन्हा हशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग येऊन करणार काय? यादी वेळेत झाली नाही तर ग्रंथालयाची मान्यताच जाणार होती.

गावी परतले ती थेट शिंप्याकडे गेले. "बाबाजी, पानं द्या. नाहीतर पुस्तकच जाते."

त्यांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "नाटक झाल्याबिगर पान कसा देऊ, बाई? औंदा करतो म्हणून राहिले पोट्टे."

"कोणी नाही करत, बाबाजी."

"तुले काय मालूम?"

त्या माणसाच्या हातून पानं ओढून घ्यायची माझी छाती नव्हती. मंडईपर्यंत थांबा, अशी मी ग्रंथालयाच्या सचिवांची विनवणी केली. त्यांनी बरं म्हणून मान डोलावली.

मध्ये प्रशिक्षणाचा दुसरा भाग आला. विषय होता, पुस्तक वाचकापर्यंत कसं न्यावं. मी सगळं नीट उतरवून घेतलं. परत आले तर कपाटाचा खालचा कप्पा रिकामा. फाटकी पुस्तकं सचिवांनी रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवली होती, आणि नाटकही. "यादीत नव्हतंच ना ते," म्हणाले. मी पवनीला रद्दीवाल्याकडे धावले. माल नागपूरला गेला होता. बसस्टँडवरच्या बाकावर बसून मी रडले. इतकी वर्षं आपण नक्की कशाची राखण केली, हेच मला कळेना. अजूनही कळत नाही.

मंडई आली. कंपनी आली, तिकीट लागलं, नाच झाला, गाव खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्रंथालय उघडते न उघडते तोच शिंपी दारात. हातात प्लास्टिकची पिशवी, आत पानं. पानांना इस्त्री केलेली.

"घे बाई. रातच्याले मंडपात जाऊन आलो. आपल्या गावचा नाटक आता होत नाई. मी मेलो त घरचे चुलीत टाकतीन. तुह्याजवळ राहू दे."

मी पानं घेतली.

ते समोरच्या खुर्चीत टेकले. "माह्यासमोर शिवून टाक. मंग जातो मी."

खणातून सुई-दोरा काढला. डोळे भरून आले होते, दोरा काही सुईच्या नेढ्यात जाईना. "आण इकडं," म्हणत त्यांनी सुई माझ्या हातून घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एका झटक्यात ओवलं आणि सुई परत माझ्या हातात दिली.

"हं. आण आता बाकीचा पुस्तक."