शमीमच्या पेठांचा वर्ग

नाझनीनचा फोन आला तेव्हा मी धायरीच्या घरी मटार सोलत बसले होते. "बाई, फुफी गेल्या," एवढंच म्हणाली. नाझनीन शमीमची भाचेसून, तिला फुफी म्हणजे आत्या म्हणायची. शमीम आणि मी एकाच शाळेत मुलींना शिकवत म्हाताऱ्या झालो, ती गणित, मी विज्ञान. दोघीही बिनलग्नाच्या, त्यामुळे दुखलंखुपलं सांगायला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. हडपसरला पोचेपर्यंत पुरुषमंडळी तिला घेऊन गेलीही होती. रिक्षावाल्याला मी वाटेत नको नको ते बोलले. त्या बिचाऱ्याचा काय दोष! पण तिचं तोंड बघायला मिळालं नाही ते नाहीच.

निवृत्तीनंतर मी देवळं आणि भिशी धरली, शमीमने नवा वर्ग काढला. तिच्या वरच्या खोलीत कॉलेजात शिकणारी एक अफगाण मुलगी भाड्याने राहायची. तिकडे सहावीनंतर मुलींच्या शाळा बंद झाल्या आणि तिची धाकटी बहीण घरी बसली. "आँटी, फोनवरून तिला थोडं गणित सांगाल?" एवढंच तिने विचारलं होतं. बहिणीने मैत्रीण आणली, मैत्रिणीने मावसबहीण. रोज दुपारी शमीम लॅपटॉपसमोर बसू लागली. हिंदी सिनेमे बघून त्या पोरींना हिची उर्दू समजायची; तिला त्या आपा म्हणायच्या.

त्यांची नावं मात्र तिने कधी विचारली नाहीत. कुणाला कळलं तर घरच्यांच्या जिवावर बेतायचं. मग हाका कशा मारायच्या? शमीमने त्यांना पुण्याच्या पेठा वाटून दिल्या. एक कसबा, एक भवानी, एक रास्ता, एक सोमवार… सदाशिव कुणालाच दिली नाही. "ती आधीच शहाणी असते, तिला मी काय शिकवणार?" असं माझ्याकडे बघत म्हणाली. माझं माहेर सदाशिवातलं, हे सांगायला नकोच.

मुलींचे कॅमेरे बंद असत, म्हणून ही स्वतःचाही बंद ठेवायची. मी म्हटलं, "अगं, फळा तरी दिसू दे त्यांना." तर म्हणाली, "त्यांनी तोंड लपवायचं आणि मी मिरवायचं? बरं दिसतं का ते?" आकृत्या काढून त्यांचे फोटो पाठवायची. मला अधूनमधून विज्ञानासाठी बोलाव म्हटलं, तर हसायची. "तुझं हिंदी ऐकून पोरी आपणहून शाळा सोडतील!"

त्या दिवशी बायकांमध्ये मी एका कोपऱ्यात बसले होते. कुणी कुराण वाचत होतं, कुणी नाझनीनला धीर देत होतं. सगळ्या मला पाणी विचारत होत्या, चहा विचारत होत्या. मी त्या घरची कोण, हे मात्र मलाच नीट सांगता आलं नसतं. दुपारी नाझनीन हळूच लॅपटॉप घेऊन आली. "बाई, मुली आल्यात वर्गाला. मी बंदच करणार होते, पण… तुम्ही बोलता का?"

मी शमीमच्या खोलीत गेले, दार लोटलं. पडद्यावर नुसते काळे चौकोन. "मैं आपा की मैत्रीण… सहेली," म्हटलं आणि कसंबसं सांगून टाकलं. मग कुणाचं तरी दाबलेलं रडणं ऐकू आलं. त्यांच्या घरात मोठ्याने रडायचीही सोय नसणार.

"मैं भवानी," एक बारीक आवाज आला. "टीचर, अब ये क्लास भी बंद?"

ज्यांची शाळा एकदा बंद झाली होती, त्यांनी हे मला विचारावं… माझ्या तोंडून निघालं, "बंद नहीं होएगा. मैं लेगी ना रोज." माझ्या हिंदीला कुणी हसलं नाही. त्या दिवशी कुणीतरी हसायला हवं होतं.

मग भवानीनेच विचारलं, "आपने आपा को देखा है? वो कैसी दिखती थीं?"

इतके दिवस शिकल्या, पण तिला एकदाही पाहिलं नव्हतं पोरींनी. मी सांगू लागले. "ठेंगणी… छोटी थी. मेरे खांदे तक. चश्मा नाक पे टिकताच नहीं था, सारखा ऊपर करती थी. हाथ को हमेशा खडू लगा हुआ. गुस्सा आया तो एकच भुवई ऊपर, और दुसरी हसती थी." त्या आणखी विचारत राहिल्या. आवाज तर माहीत आहे, पण केस कसे होते? हसताना दात दिसायचे का? तास संपला तरी कुणी गेलं नाही.

आता तो वर्ग मी धायरीहून घेते, कॅमेरा बंद ठेवून. त्या संध्याकाळी पीएमटीने घरी परतले, तेव्हा शेजारच्या वहिनींनी विचारलं, "काय झालं होतं हो त्यांना? वय किती होतं?" पुढेही सगळे हेच विचारत राहिले. शमीम कशी होती, हे मला त्या पेठांशिवाय अजून कुणीही विचारलेलं नाही.