ढगात ठेवलेली वेढ्यांची वही

आमच्या साडूंइतका भित्रा माणूस धाराशिव जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो नुकताच त्यांच्याशी गप्पा मारून आलेला असेल. लोकांना पत्त्यांचा नाद असतो, तसा यांना भीतीचा व्यासंग आहे. येरमाळ्यात हायवेला लागून त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. आत शिरलं की आधी वार्निशचा वास येतो आणि पाठोपाठ प्रश्न, "पाव्हणं, येताना गाडी लई गरम झाली न्हाय न्हवं?" झालेली नसते. पण परत निघताना मी हात लावून बघतोच. दुकानातल्या पंख्याखाली ते बसत नाहीत. त्याचं वाइंडिंग त्यांनीच केलेलं असल्यामुळं त्यात काय काय बिघडू शकतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नळदुर्गला एका लग्नात तर मांडवात न शिरता, पेट घेतो की काय म्हणून जनरेटरवर नजर ठेवून तिथंच उभे राहिले. अक्षताही तिथूनच टाकल्या.

एवढा जीव मुठीत धरून जगणाऱ्या माणसाचा खरा जीव मात्र एका वहीत होता. विहिरीवरची जळालेली मोटर नव्या तारेनं पुन्हा भरायची तर तिच्यातल्या जुन्या तारेचे वेढे आधी एकेक करून मोजावे लागतात. मोजणी चुकली की मोटर आठ दिवसांत पुन्हा जळते आणि ऐन उन्हाळ्यात कुणाच्या तरी बागेचं पाणी तुटतं. साडूंनी तीस वर्षांत भरलेल्या प्रत्येक मोटरचे वेढे लिहून ठेवले होते. कसलीही जुनी, चार जणांनी खेळ केलेली मोटर आणा, साडू थुंकी लावून पान उलटणार आणि आकडा सांगणार. पार लोहारा तालुक्यातून लोक यायचे ते या वहीसाठी. "ही गेली तर म्या बी गेलो," असं ते रोज एकदा म्हणायचे, आणि ते काही फार खोटं नव्हतं.

मग त्या वहीला वाळवी लागली. दोनच पानं गेली, पण साडूंनी दोन दिवस अन्न टाकलं. शेवटी त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं कॉलेज सांभाळून सगळी वही कॉम्प्युटरवर चढवली, आणि वाळवी घरभर पसरेल या भीतीनं साडूंनी कागदाची वही बंबात घातली. बापाला हायसं वाटावं की नाही? छे! वहीला फक्त वाळवीचं भय होतं. कॉम्प्युटरला विजेचं, व्हायरसचं आणि पत्र्यावर उड्या मारणाऱ्या वानरांचंही आलं. मग पेन ड्राइव्ह आणले. एक ज्वारीच्या कणगीत, एक आमच्या कपाटात आणि एक देव्हाऱ्यात येडाईच्या तसबिरीमागं. मेहुणीबाईंनी त्या देव्हाऱ्यातल्यालाही रोज हळदकुंकू वाहिलं, आणि महिन्याभरात तो कॉम्प्युटरच्या भोकात जाईनासा झाला. कणगीतला ज्वारीबरोबर गिरणीत गेला, आणि आमच्याकडचा माझ्या मुलांनी पुसून त्यात गाणी भरली.

अशात लेकीला पुण्यात नोकरी लागली. "जायच्या आधी तुमचं सगळं क्लाउडवर ठेवून देते, अप्पा," ती म्हणाली. "तीन-चार कंपन्या आहेत, एक निवडू."

"क्लाउड म्हंजे?"

"ढग. तसं म्हणतात फक्त."

"ढगाच्या भरवशावर म्या कधी पेरणीबी केली न्हाय," साडू म्हणाले. तरी निवड सुरू झाली, आणि मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं. पहिल्या कंपनीची यंत्रं परदेशात होती. "तिकडं भूकंप झाला तर?" साडूंनी विचारलं. भूकंपाचा विषय निघाला की आमच्या जिल्ह्यात कुणी हसत नाही, त्यामुळं ती कंपनी मुकाट्यानं बाद झाली. दुसरीच्या मदतकेंद्रात त्यांनी स्वतः फोन लावला. "मॅडम, तुमारे उदर जनरेटर हैना? उसका वाइंडिंग तांबे का है के अॅल्युमिनियम का?" मॅडम साहेबांना विचारून कळवते म्हणाल्या, त्या कळवताहेतच. "बघा, अॅल्युमिनियमच असनार," म्हणून साडूंनी कपाळाचा घाम पुसला. तिसरी महाग नव्हती, म्हणून तिच्यावर संशय. पोरगी बिचारी रोज संध्याकाळी नवा तक्ता मांडायची: जागा किती, कुलूप कसलं, चुकून पुसलं तर परत मिळतं का. साडू तो मन लावून ऐकायचे आणि एक नवीन भीती काढायचे. तिची हजर व्हायची तारीख पंधरा दिवसांवर आली, मग आठ.

मी वैतागून एकदा आत पाणी मागायला गेलो तर मेहुणीबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "त्यास्नी ढगाचं भ्या न्हाय, भावजी. कंपनी ठरली की पोरगी चालली, याचं हाय."  पाणी न पिताच मी बाहेर येऊन पुन्हा त्या तक्त्यापुढं बसलो.

तारीख काही थांबली नाही. निघायच्या दिवशी सकाळी पोरीनंच एक कंपनी धरली, फायली चढवल्या आणि बापाच्या मोबाइलवरही दाखवल्या. "हे सिंक आहे, अप्पा. इथं जे होईल तेच तिथं होणार. ध्यानात ठेवा."

"म्हंजे तीन ठिकाणी झाली वही," साडू म्हणाले. पोरीनं मान डोलावली, कारण एस्टीची वेळ झाली होती. घोळ तिथंच झाला.

चैत्रात येडाईची यात्रा भरली. गर्दीत मोबाइल चोरीला जाणार याबद्दल साडूंना तिळमात्र शंका नव्हती. चोर तो दुसऱ्या वाइंडिंगवाल्याला विकणार आणि आपले तीस वर्षांचे वेढे गावभर होणार, इथपर्यंत त्यांनी मनात बघून घेतलं. म्हणून दर्शनाला निघण्याआधी त्यांनी मोबाइलमधली वही पुसून टाकली. एक ठिकाण कमी झालं तर झालं, दोन आहेत. परत येऊन कॉम्प्युटर उघडला तर फोल्डर रिकामं.

मी यात्रेलाच आलो होतो, म्हणून मला लगोलग ओढून नेलं.  बाहेर सात मोटरी जळून पडल्या होत्या, त्यांचे मालक कट्ट्यावर बसले होते.  आजवर हजार गोष्टींना भ्यालेला हा माणूस खरं भय समोर आल्यावर मात्र ओरडला नाही, काही नाही. "पाव्हणं," एवढंच म्हणाले, "म्याच पुसली ओ." पोरीचा फोन लागत नव्हता. पाऊण तास आम्ही दोघं त्या रिकाम्या चौकटीपुढं बसून होतो. तेवढ्या वेळात मी माझ्या घरातल्या कागदपत्रांची, दोन्ही मुलांची आणि रक्तदाबाची काळजी करून संपवली.

शेवटी तिचा उलटा फोन आला. तो मीच घेतला आणि झालेलं सांगितलं.  ती म्हणाली, "अप्पा, कशालाही हात लावू नका. पुसलेलं क्लाउडच्या कचऱ्याच्या डब्यात असतं तीस दिवस. मी इथनं काढते." आणि पुण्यात बसून तिनं एकेक फाईल उचलली, इथं एकेक उगवत गेली. साडू प्रत्येकीचं नाव मोठ्यानं वाचत होते. वाचता वाचता रडत होते, आणि कट्ट्यावरचे शेतकरी मोटर आपलीच असेल या आशेनं कान देत होते.

आता या गोष्टीला वर्ष होत आलं. पोरीला काम वाढलंय, फोन आठवड्यावर गेलाय, मग पंधरवड्यावर. परवा मी दुकानात बसलो होतो. साडूंनी शांतपणे कॉम्प्युटर उघडला, एका फाईलवर बोट ठेवलं आणि ती पुसली. मी जागचा उठलो. "अहो, काय करताय!"

"बसा. तीस दिस ऱ्हाती ती आत."

"मग पुसली कशाला?"

"त्याबिगर फोन येत न्हाय ना तिचा. तिला तिकडं दिसतंय, मंग वरडती, अप्पा काय उडवलं म्हनून." आणि मोबाइल मांडीवर उताणा ठेवून बसले. या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदा न घाबरता बसलेला बघत होतो.

चहा झाला. फोन आला नाही. त्यांनी दोनदा मोबाइलची रेंज तपासली, आणि माझाच जीव टांगणीला लागला. तेवढ्यात पडद्यावर ती फाईल गुपचूप आपल्या जागी परत आली. पुण्याहून ना फोन, ना ओरडणं. साडूंनी पडद्यावर तिच्या नावावर बोट टेकवलं.

"जाग्यावर हाय," ते म्हणाले.

"कोण, फाईल?"

"दोघीबी."