कपाळावरचे सहा ठिपके

मी शाळेत असताना तापाच्या दुखण्यात मायचे कान गेले, ते गेलेच. तेव्हापासून ती माझं कपाळ वाचते. भुवया वर गेल्या की प्रश्न, मधे उभी आठी पडली की काळजी. तिला एक अक्षर येत नाही, पण माझ्या कपाळावरचं काही तिच्या नजरेतून सुटत नाही.

मी बिदरला नौबाद भागातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. माय कोहिनूर गावी माझ्या भावाकडे असते. आमचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे. आता थोडी शेती आहे, आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरी. रोज संध्याकाळी भावजय व्हिडिओ कॉल लावून मोबाईल मायच्या तोंडासमोर धरते. मी बोलते कमी, भुवया जास्त हलवते.

दवाखान्यात तिशीतल्या बायका यायला लागल्या होत्या. सुरकुत्या घालवायला नव्हे, पडूच नयेत म्हणून. अगदी थोड्या औषधाच्या बारीक सुया. कपाळाचा स्नायू सैल पडतो, घडी पडत नाही. तीन-चार महिने टिकतं, मग पुन्हा टोचायचं. माझ्या भुवयांमधली रेघ बघून डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “काउंटरवर तूच अशी दिसलीस तर पेशंट काय म्हणतील?” मला राग यायला हवा होता. मी मुकाट्यानं खुर्चीवर जाऊन बसले. मलाही हौस होतीच, उगाच मॅडमवर कशाला ढकलू?

त्या संध्याकाळी कपाळावर सहा लाल ठिपके होते. माय मोबाईलला नाक लावून बघत राहिली आणि तिचा चेहरा उजळला.

“गोंदून घेतलीस व्हय? आत्ता माझी लेक शोभलीस.”

तिच्या कपाळावर तिच्या आईनं लहानपणी करून घेतलेलं हिरवं गोंदण आहे. मेल्यावर बाईच्या संगं तेवढंच येतं, असं आमच्याकडे म्हणतात. मला ‘नाही’ म्हणवेना. दुसऱ्या दिवशी ठिपके गेले, तरी ती आठवडाभर विचारत राहिली, “हिरवं कवा हुतंय गं? रंग कामून धरंना?” भावजय हसून हसून बेजार.

पंधरा-वीस दिवसांत मायच्या पोटात गाठ निघाली. कलबुर्गीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. नर्सनं बांगड्या, जोडवी, नाकातली फुली काढून माझ्या ओंजळीत दिली. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मायनं माझा हात धरला आणि माझ्या कपाळाकडे पाहिलं. गाठ चांगली वाटत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तिनं बराच वेळ निरखून पाहिलं. मग हात सोडला.

“काई न्हाई तर. तुझ्या कपाळाला आठीसुदीक न्हाई. उगंच भ्याले मी.”

ती शांतपणे आत गेली. मी तिच्याशी एक शब्द खोटं बोलले नव्हते. माझ्या कपाळानं ते खोटं परस्पर सांगून टाकलं होतं, आणि त्या वेळी मला त्याचं बरं वाटलं, हेही कबूल करायला हवं.

गाठ वाईटच निघाली. घरात कोणी रोगाचं नाव काढलं नाही. सलाइनमधून औषधं सुरू झाली, मायचे केस गेले, तरी माझं कपाळ बघून ती निर्धास्त. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होती. त्याच्या आठ दिवस आधी मॅडम म्हणाल्या, “तुझी रेघ दिसायला लागली बघ. बस खुर्चीवर.”

सुईचा गुण यायला चार-पाच दिवस लागतात, हे मी रोज पेशंटला सांगते. म्हणजे रिपोर्टच्या दिवसापर्यंत कपाळ पुन्हा गप्प झालं असतं. मी बसले. मॅडमनी कपाळ पुसलं, गार लागलं. काय वाईट आहे त्यात, असं मनात आलं. म्हातारी सुखानं राहील. आणि ती रोज मोबाईलला नाक लावून रंग धरायची वाट बघायची, ते आठवलं. तिला वाचता येणारा एकच कागद, आणि तोही मी कोरा करून ठेवणार होते.

“नको मॅडम,” म्हणून मी उठले.

दुखणं पसरलं होतं. रिपोर्ट घेऊन बाहेर आले तेव्हा माय बाकावर बसली होती. तोंड फिरवावंसं फार वाटलं. तरी मी तिच्यासमोर उभी राहिले. तिनं पाहिलं. अंगठा माझ्या भुवयांमध्ये टेकवून ती आठी चाचपली.

“व्हय?”

मी मान डोलावली.

मी रडत होते, तिनं रडू दिलं. मग पदरानं माझं कपाळ पुसून म्हणाली,

“गावात गोंदणारीण आली की तुला बलावते. तुझं हिरवं झालेलं बघून जायचंय मला.”