साडूंनी ठेवून घेतलेलं दावं

दुसऱ्या माणसाला दमवून टाकण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरणारा अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. हे मी आकसानं म्हणत नाही; सात वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत, आणि माझे दोन्ही गुडघे साक्षीला आहेत. साडू मूळचे धावड्याचे, घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी. या गृहस्थानं नवीन जालन्यात, बियाण्यांच्या एका ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, कार्टून बनवायचा स्टुडिओ काढला. कॉम्प्युटर पाच, माणसं पाच, आणि नायिका एकच : चंद्री नावाची म्हैस. ती शाळेत जायची, सरपंचपदाला उभी राहायची, पावसात रुसून बसायची. मोबाईलवर चंद्री लावल्याशिवाय पोरं घास गिळेनाशी झाली, इतकी ती चालली.

चालली खरी, पण तिची चाल काढता काढता आमचा जीव जायचा. जनावर आधी अंगात आलं पाहिजे, मग कॉम्प्युटरमध्ये, हा साडूंचा हट्ट. त्यापायी त्यांनी मला, दोन लेकरांच्या बापाला, फरशीवर रांगायला लावलं. "साडूभाऊ, मागचा पाय जल्दी उचलून राह्यले तुम्ही. म्हशीला कुठं जायची घाई असते? तुमची म्हैस घड्याळाकडं पाहून राह्यली!" मी पुन्हा दारापासून खिडकीपर्यंत रांगायचो, आणि खालचा शिपाई चहा घेऊन नेमका तेव्हाच वर यायचा.

एवढं करून भाग पास व्हायचा तो जनावरांच्या बाजारात. साडू लॅपटॉप काखेत मारून जायचे आणि तिथल्या एका म्हाताऱ्या दलालापुढं धरायचे. तो आवाज बंद करायला लावून नुसतं जनावर पाहायचा. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि खऱ्या सौद्यासारखी रुमालाखाली साडूंची बोटं दाबून भाव केला, की भाग पास. "लंगडती," म्हणाला, की आठवड्याची मेहनत मातीत. "गाभण हाय का?" असं त्यानं एकदा विचारलं, तर साडूंनी आम्हाला जिलबी वाटली. जिलबी खाऊनही घरी जायला उशीरच झाला.

मग मुंबईची ती बडी करमणूक कंपनी आली. सिनेमे, चॅनेल, खेळण्यांची दुकानं, सगळं तिचं. तिला आता चंद्रीसकट आमचा स्टुडिओ पाहिजे होता. साडूंच्या मनात बिलकुल नव्हतं. खरं सांगतो, विका म्हणून मीच त्यांच्या मागं लागलो. मला पाठ टेकायला बरी खुर्ची पाहिजे होती, आणि संध्याकाळी सहाला घर. साडूंनी दोन दिवस मला रांगायला लावलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही थकले ना? मंग देऊन टाकू."

बैठकीला कंपनीचे साहेब आले. साडूंनी सवयीनं रुमाल काढून हातावर टाकला आणि हात पुढं केला. साहेबांना वाटलं, पाहुणचार आहे. त्यांनी रुमालाला हात पुसले आणि थँक्यू म्हणाले. साडूंचा चेहरा बघवेना.

सही करायच्या वेळी मात्र ते अडून बसले. "जनावर न्या. दावं न्हाई भेटणार." आमच्याकडं ढोर विकलं तरी दावं विकत नाहीत, घेणारा आपलं घेऊन येतो, विकणारा आपलं सोडून घरी नेतो. दावं गेलं की गोठ्याची बरकत गेली. चंद्रीच्या गळ्यात लाल-पिवळं दावं होतं, साडूंनी स्वतः चितारलेलं. वकील हसले आणि एक कलम वाढवून दावं विक्रीतून वगळलं. पुढच्याच कलमात होतं, की साडूंनी यापुढं चंद्री काढायची नाही. तेही त्यांनी वाचलं, आणि सही केली.

आता मी कंपनीचा नोकर आहे. खुर्ची मऊ आहे. चंद्री दोन पायांवर नाचते, गळ्यात गुलाबी फीत. कुणी रांगत नाही, सहाला सुट्टी होते, तरी मला पूर्वीपेक्षा जास्त थकल्यासारखं वाटतं.

गेल्या रविवारी धावड्याला गेल्तो. साडू ओसरीवर जुना कॉम्प्युटर मांडून बसलेले. पडद्यावर दावं होतं, नुसतं दावं, मधे गळ्याएवढी मोकळी जागा. ते हवेत संथ झुलत पुढं सरकत होतं, आणि मधेच त्याला वर झटका बसत होता. माशी बसली की चंद्री मान उडवायची, तसाच.

"म्हैस न्हाई हं काढली," साडू घाईनं म्हणाले. "कागदात लिहिल्यापरमाणं. दावंच हाय."

"दलालाला दाखवलं?"

"दाखवलं. लई वेळ पाहत बसला. रुमाल न्हाई काढला. म्हणला, हिला घरी आण."

विका म्हणून मीच मागं लागलो होतो ना! साडूंनी डोळे बारीक करून पडद्याकडं पाहिलं. "साडूभाऊ, दावं डावीकडं जादा झुलून राह्यलं. मागच्या पायात कायतरी चुकतंय. पण पायच न्हाई, तर पाहावं कुठं?"

वर्षभरात माझे गुडघे दुखले नव्हते. मी चपला काढल्या, पॅन्ट वर सरकवली, आणि ओसरीवर दोन्ही हात टेकले.