सोयीच्या गावाला काहिलीतून

स्वस्तिश्री पट्टीधर, नकाशाविशारद, दूरत्वनिर्णयधुरंधर, बढतीवंचितशिरोमणी, शिक्षण विस्तार अधिकारी, अर्थात अस्मादिक, शाळांची 'सोयीच्या' आणि 'दुर्गम' अशी वर्गवारी करून कृतार्थ बसले असता वाघमारे गुरुजींचे तिसरे पत्र आले. एकट्याने चार वर्ग होत नाहीत, दुसरा शिक्षक द्या, मधे पाणी आहे.

सेलूच्या शाळेतला जादा शिक्षक दुर्गम शाळेस द्यायचा होता. गुरुजींचे गाव मी नकाशावर पट्टी ठेवून मोजले होते: सडकेपासून तीन मैल, सबब सोयीचे. यादीवर तिसऱ्या दिवशी सकाळी सही व्हायची होती. ते 'पाणी' मनातून जाईना, म्हणून निघालो.

परभणीहून जिंतूरची पहाटेची एसटी धरावी. मागच्या बाकावर बसू नये. प्रत्येक मणक्यास स्वतंत्र अस्तित्वाचा साक्षात्कार होतो. स्थानकावर भजी खाऊन घ्यावीत, पुढे काही मिळत नाही. फाट्यापासून मैलभर चाललो आणि रस्ता सरळ पाण्यात शिरला. येलदरीचे धरण होऊन वर्षे लोटली होती. माझा नकाशा निजामाच्या अमदानीतला.

हाका मारल्या, तेव्हा पैलतीरावरून गुरुजी गूळ आटवायची मोठी काहील वल्हवत आले.

"बसा साहेब. कालच गूळ काढलाय, जरा चिकट हाय."

"होडी कुठे आहे?"

"हीच."

मध्यावर वारा सुटला. काहील गरगरू लागली, कडेवरून पाणी आत आले. यादीची पिशवी तळाशी टाकून मी तांब्याने पाणी उपसू लागलो.

"हलू नका. पोहता येतं का?"

"नाही."

"मग तर लयच हलू नका." वल्हे रेटत ते म्हणाले, "मी तुमाला आणायलोय, म्हंजे तिकडं शाळा बंद हाय. हे गाव सोयीचं कुणी लिव्हलं, साहेब?"

"मी."

वल्हे थांबले. तेवढा वेळ काहील वाऱ्याच्या स्वाधीन होती. मग त्यांनी पुन्हा रेटायला सुरुवात केली.

पैलतीरावर चारही इयत्ता ओळीने बसल्या होत्या. चौथीतली एक मुलगी पहिलीला बाराखडी देत होती. तिथेच ओल्या यादीतले 'सोयीचे' खोडून 'दुर्गम' लिहिले. परतताना शेवटची एसटी धावत गाठली.

सकाळी सहीपूर्वी आमच्या वरच्या साहेबांनी विचारले, "हे गाव दुर्गम कधी झाले?"

"धरण झाले तेव्हा, साहेब. मला काल कळले."

सही झाली. सेलूचे शिक्षक रुजू झाले. पट्टी हाती घेतली की अजून ते थांबलेले वल्हे आठवते.

यादीला मात्र गूळ लागला होता. कपाटात मुंग्या झाल्या आहेत. हळद टाकली, रॉकेल फिरवले. कारकून कपाट उघडायला तयार नाही, आणि माझा चष्मा आत आहे.