बातमीतलं नाव

ओळीवर बोट ठेवून कुणी पेपर वाचताना दिसलं की मला जनी आठवते.

वीटभट्टीवर डांबून ठेवलेल्या मजुरांची बातमी मी लिहिली. ती छापून आल्यावर तहसीलदार पोलीस घेऊन गेले आणि सगळी कुटुंबं सुटली. धीर करून मला सारं सांगणारा सोमा मात्र बातमी येण्याआधीच तापानं गेला होता.

त्याची बायको जनी आमच्या कचेरीत आली. "दादा, त्यांचं नाव कुठं हाय?"

तिला वाचता येत नव्हतं. मी तिचं बोट सोमाच्या नावावर ठेवलं. ती ते नाव कुरवाळत राहिली. लिहिल्यानं माणसं सुटतात. पण लिहून होईपर्यंत सगळ्यांनाच थांबता येत नाही.

"भट्टीवर त्यांना नुसतं 'ए' म्हणायचे," ती म्हणाली. "आता नावानं हाक मारतील, तर ते नाहीत."