जित्या नवऱ्याचा चूडो

सकरीबाईची मराठी हुकमाची होती. चल, उचल, येच, भर, सरक, बस खाली. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या वावरात कापूस येचताना कानावर पडलेली ही मराठी तिला बराबर कळायची. उलटून बोलायची वेळ कुणी येऊच दिली न्हाई, म्हणून बोलायची मराठी तिच्याजवळ नव्हती. बोलायचं काम तिचा नवरा थावरू करायचा. बाजारात, मालकापुढं, तहसिलात. ती त्याच्या पाठीमागं डोक्यावरची टुकरी डोळ्यांपर्यंत ओढून उभी राहायची आणि काही वाटलंच तर त्याच्या सदऱ्याचं टोक ओढून गोरमाटीत, आपल्या लमाणी बोलीत, पुटपुटायची. तांड्यातल्या बायकांत मात्र तिच्या तोंडाला लगाम नव्हता. लग्नात शिव्यांची गाणी म्हणायला तीच लागायची. वरमाय रडायला लागंस्तोवर म्हणायची.

कापसाच्या ट्रॉलीवर उभी राहून कापूस तुडवताना ट्रॅक्टरनं गचका दिला आन् सकरी खाली आली. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. मंठ्यातल्या डॉक्टरनं हात वर केले, तसं थावरूनं तिला जालन्यात मस्तगडाच्या मागं एका ट्रस्टच्या दवाखान्यात आणून टाकलं. तिथं सांगितलं, ऑपरेशन योजनेत फुकट होईल, पण रेशनकार्ड पाहिजे, आणि ते ऑनलाइन झालेलं पाहिजे. कार्ड तांड्यावर पत्र्याच्या पेटीत. थावरू तिला म्हणाला, येतो कागद घेऊन. पण त्या वेळी सकरीला गुंगीचं इंजेक्शन दिल्तं. तिनं ऐकलं न्हाई.

डोळे उघडले तेव्हा तिच्या अंगावर हिरवा झगा होता, पाठीवर उघडा. तिचा घेरदार फेटिया, तिची पाठीवर बांधायची कांचळी, आरशांचं भरतकाम केलेली, बारा वर्षं पुरवून पुरवून नेसलेली, कुठं गेली तिला कळेना. मंग दिसलं. वॉर्डाच्या दारात आकांक्षा सिस्टर तो फेटिया सलवारीवरूनच बांधून गिरक्या घेत होती आणि दुसरी मोबाईल धरून उभी होती.

"अगं कंबर हलव की! लमाणीण अशी नाचत असती व्हय?"

"थांब, घुंगरं वाजू दे. आवाज यायला पाहिजे."

सकरीनं टुकरी तोंडावर ओढायला हात नेला. टुकरीही नव्हती. उघड्या डोक्यानं ती परक्या माणसांत कधी बसली नव्हती. तिनं उशी उचलून तोंडावर धरली.

"घ्या! ही तर लाजून राह्यली," असं म्हणत साळूबाई आली.

साळूबाई त्या वॉर्डाची मावशी. तीस वर्षांची नोकरी, जाडजूड हात, तोंड फाटकं. पेशंटनं पॉट मागितला की आधी चार शिव्या आणि मंग पॉट. सिस्टरनं तिला सांगितलं, म्हातारीचं बीपी घ्यायचंय, सलाईन लावायचंय, आणि हातात तर मनगटापासून पार बगलेपर्यंत ते पांढरं. "काढ ते."

तो चूडो होता. लग्नात मांडवात तेल लावून, हात दाबून दाबून चढवलेला. हस्तिदंत आता कुठलं, हाडाचा आणि प्लास्टिकचा, पण चूडो तो चूडो. एखादं कडं फुटलं तर नवरा बाजारातून तसंच आणून घालायचा. उतरायचा एकदाच. नवरा मेला की तांड्यातल्या बायका घेरून बसायच्या, रडत रडत एकेक कडं काढायच्या. रडणाऱ्या बायकांवाचून चूडो उतरतो हे सकरीनं कधी बघितलं नव्हतं.

साबण लावला, तेल लावलं, निघंना. साळूबाई प्लास्टर कापायची मशीन घेऊन आली. मशीनचा आवाज ऐकून सकरी किंचाळली. दोघींनी खांदे दाबले, एकीनं चांगला पाय धरला.

"अगं म्हातारे, हात न्हाई कापून राह्यले. बांगड्या कापायल्यात, बांगड्या! गप!"

कडी तुकड्यातुकड्यांनी फरशीवर पडली. साळूबाईनं ती झाडूनं लोटून कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी उघडे पडलेले सकरीचे दंड पांढुरके, सुरकुतलेले दिसत होते, पाण्यात राहिलेल्या माणसाच्या बोटांसारखे.

सकरी रडता रडता थांबली. इकडं तिकडं बघितलं. थावरू कुठंच नव्हता. बाकावर त्याची पिशवी नव्हती. तिनं साळूबाईच्या पदराला धरलं.

"कत गो? कत गो?"

कुठं गेला, एवढं गोरमाटी साळूबाईला कळत होतं. लहानपणी तिच्या घराशेजारीच तांडा होता. ती मशीनची वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "कोण, तुझा माणूस? गेला गं."

गेला.

हा शब्द सकरीला मराठीतसुद्धा पक्का कळायचा. मालकाचा बाप गेला तेव्हा सुटी झाल्ती. पाटलीणबाई गेली तेव्हा पण. वावरात कुणी दुपारी घरी जेवायला जायचं तर त्याला कुणी 'गेला' म्हणत नसे, म्हणायचे 'आत्ता येईल'. आणि साळूबाईनं 'आत्ता येईल' म्हटलं न्हाई.

म्हणून चूडो उतरवला. म्हणून एवढ्या बायका धरायला आल्या. बायका परक्या, तांड्याबाहेरच्या, कोर, त्यांना रडणं म्हाईत न्हाई, पण काम त्यांनी रीतीचंच केलं.

सकरीनं गळा काढला.

तांड्यात रडणं म्हंजे नुसतं रडणं न्हाई. त्याला चाल असते, त्यात माणसाचा सगळा जन्म येतो. त्यानं कोणता बैल आणला, कोणत्या कारखान्यावर कोयता घेऊन गेला, भांडून किती दिवस बोलला न्हाई. सकरी थावरूला असं तीन दिवस रडली. समोर गळ्यात गळा घालायला बाई न्हाई, म्हणून खाटेच्या लोखंडी दांडीला धरून. वॉर्डातल्या बायका सुरुवातीला गमतीनं ऐकत होत्या, मंग वैतागल्या.

"दुखतंय का तिला एवढं?"

"कशाचं दुखतंय! नाटकं. वेड्याच्या डॉक्टरला दाखवा."

खिचडी आली तशी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं दोन्ही हात कानांपाशी नेले. केसांच्या बटांत गुंफलेली चांदीची टोपली, इकडची आणि तिकडची, सौभाग्यवतीची खूण. ती सोडवायला दुसऱ्या बाईचे हात लागतात. इथं बाई कोण? तिनं स्वतःच गाठ सोडली. केस तुटले, पण सोडली. दोन्ही टोपल्या उशीखाली ठेवून दिल्या.

शेजारच्या खाटेवर शकीला होती, बदनापूरची, पाठीच्या मणक्याची पेशंट. तिला हे बघून काहीतरी उमगलं. तिनं साळूबाईला बोलावलं.

"साळूबाई, इसकू लगता इसका मरद मर गया. वो तो कागद लाने गाव गया ना?"

साळूबाई खुदकन हसली. "आत्ता गं! जित्या नवऱ्याची रांडमुंड झाली की ही!"

"हसते क्या? बोलो उसकू."

"बोलू, बोलू." पण साळूबाई बोलली न्हाई. बोललं असतं तर चूडो कुणी कापला, कुणाला विचारून कापला, हे निघालं असतं. शिवाय रडून रडून म्हातारीचा आवाज बसत आला होता. पॉटसुद्धा मागंना झाली होती. "गप पडलीय तर पडू दे," ती सिस्टरला म्हणाली.

शेवटी शकीलानंच हात लांब करून सकरीचा हात धरला. "अम्मा, जिंदा है तुमारा मरद. बिलकुल जिंदा. आ जाएगा."

सकरीनं तिच्याकडं मायेनं बघितलं आणि मान हलवली. तिला सगळं कळलं. माणूस मेला की बाईला असंच सांगतात. जरा तब्येत बरी न्हाई, दवाखान्यात न्हेलंय, येतोच. तिच्या बहिणीचा नवरा मेला, तिला ऊसतोडीच्या फडातून गाडीत बसवून आणलं तेव्हा तांड्याच्या वेशीपर्यंत 'जिता आहे, जिता आहे' म्हणत आणलं होतं. जित्या माणसाला कुणी जिता आहे म्हणून सांगत न्हाई. उरलीसुरली शंका होती ती शकीलाच्या बोलण्यानं गेली.

तिसऱ्या दिवशी थावरू आला.

हातात कागदाची पिशवी, कपाळाला पट्टी. सर्वर बंद म्हणून दोन दिवस तहसिलाच्या पायऱ्यांवर काढले होते. तो सकरीच्या खाटेवरून पुढं निघून गेला. उघड्या डोक्याची, उघड्या दंडांची, पांढऱ्या चादरीतली ती बाई त्याला ओळखू आली न्हाई. ओळखलं तिनं. आधी भ्याली, भिंतीला सरकली. मंग त्याचा खोकला ऐकला. जन्मभराचा तोच खोकला. ती हसायला लागली, रडायला लागली, दोन्ही हात पुढं केले. तिच्या तोंडातून गोरमाटीचा धबधबा सुटला, तीन दिवसांत पहिल्यांदा तिचं बोलणं कळणारा माणूस समोर होता.

थावरू पुढं आला न्हाई. तो तिच्या दंडांकडं बघत होता.

"चूडो कुणी उतरवला?" त्यानं गोरमाटीत विचारलं.

सकरीनं बोट दाखवलं. साळूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सलाईनला आडवं येत होतं. डॉक्टरचं काम हाये ते. मी बी कुंकवाचीच हाये, मला काय हौस?"

"आन् मी मेलो म्हणून कोण बोललं?"

"मेला म्हणून कोण बोललं? गेला म्हणलं मी. गेल्तासच की तू!"

वॉर्डातली एक बाई फिसकन हसली. थावरूही हसू शकला असता. त्याला मराठी चांगली येत होती, घोळ त्याला कळला होता. पण त्याची नजर आता सकरीच्या कानांपाशी होती.

"चूडो ह्यांनी कापला," तो हळू म्हणाला. "टोपली कुणी सोडली?"

सकरीचे हात खाली आले.

"कुणी सोडली?"

"मी."

"कवा?"

"काल. ऊन डोक्यावर होतं तवा."

थावरूनं कपाळाची पट्टी चाचपली. काल ऊन डोक्यावर असताना तहसिलाच्या पायऱ्यांवर त्याच्या डोळ्यांपुढं अंधारी आल्ती आणि तो तोंडावर पडला होता. लोकांनी पाणी मारून उठवला होता. तो उपाशी होता, दोन दिवस नुसत्या चहावर होता, हे त्याला ठाऊक होतं. पण आता ते कारण त्याला पुरेना.

"मला रडलीस बी?"

"तीन दिस."

"सगळं म्हणून रडलीस? शेवटपर्यंत?"

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. पण रडण्याबद्दल खोटं बोलायची रीत तिला म्हाईत नव्हती. आणि थोडासा अभिमानही होता, चांगलं रडली होती ती, एकटीनं. तिनं मान हलवली. उशीखालून टोपल्या काढून त्याच्यापुढं धरल्या, बांध म्हणून.

थावरूनं त्या घेतल्या न्हाईत. कागदांची पिशवी खाटेच्या पायथ्याशी ठेवली, तिच्या पायाला हात लागणार न्हाई इतक्या अंतरावर. काउंटरवर जाऊन अंगठा दिला. साळूबाईनं पाहिलं, तो चप्पल हातात घेऊनच जिना उतरला.

ऑपरेशन झालं. रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, हाड तरुण पोरीसारखं आहे. बाराव्या दिवशी सुट्टी दिली तेव्हा न्यायला जावई आला, साहेबराव, परतूरकडच्या तांड्याचा. भाड्याचं पिकअप घेऊन आला, मागं गादी टाकली होती. सकरीनं फेटिया मागितला. तो सापडला न्हाई. साळूबाईनं तिला कुणाचं तरी जुनं पातळ गुंडाळून दिलं, फिक्कं, बिनकाठाचं.

वाटूर फाट्यावर रस्ता फुटतो. मंठ्याकडं सरळ, परतूरकडं वळून. गाडी वळली, तशी सकरी गादीवरून कोपरावर उठली आणि तिनं मधली काच वाजवली.

"घर सरळ हाये, पोरा."

साहेबरावानं गाडी बाजूला घेतली, पण मागं वळून बघितलं न्हाई. "याडी," सासूला तो आईच म्हणायचा, "मामा म्हणले आमच्याकडंच ठिवा. तांड्यानं पण तेच ठरवलं. तुमची सावली बी पडाया नको म्हणले त्यांच्यावर."

मागून एक उसाचा ट्रक गेला. धूळ बसली तशी सकरीनं पातळाचा पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"किती दिस?"

साहेबरावानं गिअर टाकला.

"ते जित्ते हायेत तवर."